विश्लेषण : टाकीतले प्रवाळ पांढरे पडले... ब्लीचिंग की ऊतीक्षय?

रात्री दिवे बंद करताना हिरवीगार दिसणारी प्रवाळाची फांदी सकाळी पांढरीफटक! वाकड, पिंपळे सौदागर किंवा मोशीतल्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्याला याहून वाईट सकाळ नाही. बहुतेकांचा पहिला अंदाज ‘ब्लीचिंग झाले’ असा असतो. मग दिवे मंद करून वाट पाहिली जाते. पण ऊती गळत असतील, तर त्या वाट पाहण्यातच प्रवाळ हातचे जाते.

फरक कसा ओळखायचा?

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. उष्णतेने किंवा तीव्र प्रकाशाने हे शैवाल बाहेर पडले की ऊती पारदर्शक होतात आणि आतला चुनखडीचा सांगाडा पांढरा दिसतो. हे ब्लीचिंग. यात प्राणी जिवंत असतो, वेळीच ताण कमी झाला तर सावरूही शकतो. ऊतीक्षयात मात्र ऊतीच सुटून जातात आणि सांगाडा उघडा पडतो. जिवंत भाग आणि पांढरा भाग यांच्यात स्पष्ट रेघ दिसते. काही दिवसांत पांढऱ्या भागावर हिरवट शेवाळ धरते. साधी खूण म्हणजे, मोबाइलचा कॅमेरा झूम करून पाहा. पांढऱ्या भागावर तोंडे आणि शुंडके दिसत असतील तर तिथे जीव आहे.

पुढचा प्रश्न वेगाचा. अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाची साल एका दिवसातही उतरू शकते. बुडापासून हळूहळू वर सरकणारा क्षय आठवडे चालतो. टॉर्च, हॅमर या जातींवर तपकिरी, जेलीसारखा थर दिसला तर त्यात बहुधा ऊती खाणारे सूक्ष्म सिलिएट असतात. वेडेवाकडे कुरतडल्याचे डाग असतील तर खालच्या बाजूला चपटे कृमी, गोगलगायी किंवा त्यांची अंडी शोधा.

कारण बहुधा पाण्यातच

चाकणच्या कारखान्यात पार्ट रिजेक्ट होऊ लागले की आधी मशीनचे सेटिंग तपासतात. इथेही तेच करायचे. क्षारता ३५ पीपीटीच्या आसपास, तापमान २४ ते २६ अंश आणि अल्कलिनिटी, म्हणजे शौकिनांच्या भाषेत केएच, ७ ते ११. यातही आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे. केएच ८ वर स्थिर असलेली टाकी चालते, पण एका दिवसात ८ चा १० झाला की घात होतो. ‘कमी आहे’ म्हणून एकदम डोस ओतणारे हात इथेच चुकतात.

आपल्या भागाच्या अडचणी वेगळ्या आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आले आणि अनेक सोसायट्या टँकर-बोअरवर गेल्या. नळाचे असो वा टँकरचे, पाणी आरओ-डीआय फिल्टरमधून काढून टीडीएस शून्य आल्याशिवाय वापरू नये. पितळी तोटीतून किंवा माशांच्या औषधातून आलेले तांबे प्रवाळाला विषासारखेच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप लावा, दिवे नव्हे. उन्हाळ्यात पंख्याने टाकी थंड केली तर पाणी उडते, मीठ मागेच राहते. अशा वेळी भर गोड्या आरओ पाण्याची घालायची.

उपाय काय?

क्षय वेगात असेल तर निरोगी भागात सेंटिमीटरभर आत जाऊन फांदी कापावी, आयोडीनच्या द्रावणात बुडवून नव्या तुकड्यावर चिकटवावी. तपकिरी जेली असेल तर आधी पंप बंद करून नळीने ती ओढून घ्यावी, नाहीतर टाकीभर पसरते. हातमोजे आणि चष्मा हवाच. झोएंथिड गटातल्या काही जातींमधले पॅलिटॉक्सिन माणसालाही घातक असते.

अँटिबायोटिकचे काय? २०१४ मध्ये मायामीजवळ आढळलेल्या ऊतीक्षयाच्या साथीत पाणबुड्यांनी जखमांवर अमॉक्सिसिलिनचा लेप लावला. त्या जखमा थांबल्या, पण नव्या जखमा व्हायच्या थांबल्या नाहीत. घरच्या टाकीत ते ओतले तर पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणूही मरू शकतात आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढण्याचा धोका वेगळाच. माझ्या मते मेडिकलमधून कॅप्सूल आणून मुख्य टाकीत फोडणे हा शेवटचाही उपाय नव्हे.

समुद्रात तर हेही शक्य नसते. मालवणच्या सागरी अभयारण्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी वारंवारचे ब्लीचिंग आणि प्रवाळांचे रोग दोन्ही नोंदवले आहेत.

खरेदीपूर्वी कायदा पाहा

सांगाडा बनवणारी सर्व दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. गुन्हा सिद्ध झाल्यास ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये प्रवाळांच्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. त्यामुळे दुकानदाराची पावती पुरेशी मानू नका. प्रवाळ मेले तरी कायदा सुटत नाही. शोपीस म्हणून पांढरा सांगाडा विकणे हाही गुन्हाच आहे.