स्थानदर्शक यंत्र सुरू न झाल्यास

शेताची हद्द नोंदविण्याच्या ऐन वेळी उपग्रहाधारित स्थानदर्शक यंत्र सुरू होत नाही आणि कार्यकर्ता बांधावरूनच परत फिरतो. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून सेलचा असतो. पावसाळाभर आतच राहिलेले अल्कलाइन सेल पाझरून टोकांशी पांढरी भुकटी साचते. ती दाहक असल्याने बोटाने खरवडू नये. सेल काढून, बोळ्यावर किंचित व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग व पत्री पुसावी. मग ओलसर फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी. त्यानंतर दीड व्होल्टचे, एकाच जातीचे नवे सेल खुणेप्रमाणे बसवून कळ काही सेकंद दाबून धरावी. बंद यंत्र उघड्या आभाळाखाली नेण्याचा खटाटोप व्यर्थ होय. उपग्रहांचा संबंध पडदा उजळल्यानंतरच येतो. तरीही तो न उजळल्यास यंत्र दुरुस्तीस धाडावे व हद्द तूर्त टेपने मोजून घ्यावी.