मोटारीखालची खोली

यवतमाळच्या मे महिन्याची ज्यांना कल्पना नाही, त्यांना मी घरात तळघर का बांधले हे समजावून सांगणे कठीण आहे. दुपारी बाराला रस्त्याचे डांबर पायाला चिकटू लागते, कूलरमधून गरम वारा येतो, आणि वीज गेली की तोही येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात अशाच एका दुपारी आमच्या वडिलांना घेरी आली. वय ब्याऐंशी. डॉक्टर म्हणाले, "यांना दुपारभर थंड जागी ठेवा." आता मे महिन्यात आमच्या गावात थंड जागा म्हणजे एक बँक आणि दुसरे एखादे मोठे कापडाचे दुकान. वडिलांना रोज बारा ते पाच यांपैकी कुठे नेऊन बसवावे? एअर कंडिशनर त्यांना सोसत नाही, आणि वीज गेल्यावर तोही भिंतीवरचा नुसता ठोकळा.

घराच्या बाजूला आमचा मोटारखाना होता. मोटारखाना हे नाव भारदस्त. प्रत्यक्षात चार खांब आणि वर पत्रे. पत्रे काढावेत, खाली दहा बाय बारा फुटांची खोली खणावी, तिच्या छतावर पुन्हा मोटार उभी करावी, असे माझ्या मनाने घेतले. जमिनीखाली आठदहा फुटांवर उन्हाळ्याची धग आणि हिवाळ्याची थंडी दोन्ही बोथट होतात आणि तापमान वर्षाच्या सरासरीच्या आसपास राहते, एवढे मला वाचून ठाऊक होते. बाकीचे जे ठाऊक नव्हते, ते पुढे कळायचे होते.

बेत ऐकून सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी बाबांना विचारा." बाबांना विचारले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "काऊन रे, पेव खांदून रायला का?"

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मी वर्गात वीस वर्षे शिकवतो आहे, पण हल्लीच्या मुलांनी पेव पाहिलेले नसते. अरुंद तोंडाचे, आत पोट सुटलेले जमिनीतले कोठार. आतून कडबा किंवा पेंढा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगड ठेवून चिखलाने लिंपून टाकायचे. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची अशी पेवे प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. आमच्याकडे पेवात ज्वारी असे. बंद पेवातले धान्यही श्वास घेते. आतला प्राणवायू संपवते आणि कर्बवायू सोडते. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. म्हणून पेव उघडले की दिवसभर तसेच ठेवायचे, मग दोरीने कंदील सोडायचा, आणि तो विझला नाही तरच माणसाने उतरायचे, असा दंडक होता.

दारव्ह्याकडच्या आमच्या गावी वडील आठ वर्षांचे असताना एकदा हा दंडक मोडला गेला. घरी पाहुणे आले होते, घाई होती. वडिलांचे सख्खे काका कंदिलाशिवाय उतरले. वडील तोंडाशी उभे राहून हाका मारत होते. काकांना दोरीने वर काढले तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसापासून वडील जमिनीखाली कुठेही उतरलेले नाहीत. कळंबच्या चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून कुंडाशी जावे लागते. आम्ही सारे दर्शनाला खाली जातो. वडील वरूनच हात जोडतात. याचे कारण मी तोवर गुडघेदुखी समजत होतो.

तरीही मी खणायला घेतले. मुलगा एकदा हट्टाला पेटला की बापाच्या भीतीला तो जुनाटपणा म्हणतो, त्यातलाच प्रकार.

पहिले भांडण मातीशी झाले. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणण्याची जुनी चाल आहे. पेरायचे काळीत, राहायचे पांढरीत. आम्ही मात्र काळीवर लेआउट पाडून बंगले बांधले. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते, आणि तिच्यावर उभ्या भिंतीही तिच्याबरोबर तडकतात. रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले खांब शोधून काढले, ते याच दुखण्यावरचे औषध. आमच्या जागेत पाच फूट काळी, मग चुनखडीची पिवळी माती आणि तिच्याखाली मुरूम लागला. मिस्त्री म्हणाला, "सर, मुरूम इमानदार हाय जी. काळीचा भरोसा नाई."

फेब्रुवारी २०२३ मध्ये खड्डा खणला. कोरड्या काळीच्या कडा अगदी उभ्या, चाकूने कापल्यासारख्या राहिल्या. त्या पाहून कंत्राटदाराने बाजूंना फळ्यांचा टेकू दिला नाही, आणि मीही विचारले नाही. मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी मजूर डबे सोडून जेवायला वर आले, आणि पाठोपाठ कुंपणाकडची कड धप्पकन आत आली. दोनअडीच गाड्या माती असेल. पंधरा मिनिटे आधी तिथे दोन माणसे वाकून घमेली भरत होती. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. काम थांबवले, कंत्राटदार बदलला, कडा उतरत्या कापून घेतल्या आणि फळ्या-वासे लावल्याशिवाय कोणाला खाली जाऊ दिले नाही.

नव्या इंजिनिअरने मला कागदावर एक गणित करून दाखवले. दहा बाय बारा फूट आणि उंची आठ, म्हणजे सुमारे २७ घनमीटर. भोवतालची जमीन पाण्याने पूर्ण भरली तर आर्किमिडीजच्या नियमाने पाणी या खोलीला २७ टनांच्या जोराने वर उचलू पाहणार. रिकामी खोली होडीसारखी तरंगू शकते! म्हणून तळ जाड, भिंती सळ्यांच्या काँक्रीटच्या, जोडात पाणी अडवणारी रबरी पट्टी. भिंतींच्या मागे काळी परत न भरता मुरूम आणि गिट्टी, आणि तळाशी पाणी वाहून नेणारा नळ. घर बांधू पाहणाऱ्या वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की, भिंत आतून रंगवून ओल थांबत नाही. पाणी बाहेरच अडवावे लागते.

कायद्याचीही बाजू होती. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तळघराची उंची निदान २.४ मीटर हवी, आणि ते सामान ठेवण्यासारख्या कामांसाठी, निजण्या-राहण्यासाठी नव्हे. म्हणून नकाशावर ती सामानाची खोली झाली. त्याप्रमाणे मी सामान ठेवले: वडिलांची पुस्तके, आणि जवळ एक आरामखुर्ची.

जूनच्या आधी सारे आटोपले. वर मोटार, तिच्या बाजूने जिना, खाली खोली. भर उन्हात दार उघडले की माठात हात घातल्यासारखे वाटे. शेजारीपाजारी पाहून गेले. वडील मात्र जिन्याच्या तोंडाशी येत, वाकून पाहत आणि परत जात.

मग २१ जुलैची रात्र आली. दुसऱ्या दिवशीपर्यंत जिल्ह्याची दैना उडाली. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. आमच्या भिंतींतून थेंब आला नाही. पाणी आले ते जिन्यावरून, राजरोस. कोपऱ्यातला खड्डा भरला, वीज गेली, विजेचा पंप बसला. शेजाऱ्यांकडून पेट्रोलवर चालणारा पंप आणला आणि पावसात भिजू नये म्हणून मोटारखान्यात ठेवून शटर अर्धे ओढले. मी खाली जाऊन बॅटरीच्या उजेडात पुस्तके वरच्या फळ्यांवर चढवू लागलो.

थोड्या वेळाने डोके ठणकू लागले. जागरण झाले, ओझे उचलले, म्हणून असेल. पाय जड झाले तेव्हा खुर्चीवर टेकावेसे वाटले. तेवढ्यात वरून काठी आपटल्याचा आवाज आला.

"मशीन बंद करा! धूर खाली जाऊन रायला! वर ये, आधी वर ये!"

मी बघितले तर वडील जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभे होते. कठड्याला घट्ट धरून, थरथरत, पण खाली उतरून आलेले. सौभाग्यवतींनी पंप बंद करून शटर वर केले. वडिलांनी मनगट धरले आणि मी कसाबसा वर चढलो. अंगणात पावसात बसून मला दोनदा ओकारी झाली.

इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पेट्रोलची वाफ तर हवेपेक्षा जड. तीही पायऱ्या उतरून खालीच यायची. पाण्याचे एवढे गणित करणाऱ्या आम्हांपैकी कोणालाही हवेची आठवण झाली नव्हती.

पावसाळा सरल्यावर आतला जिना काँक्रीटने बुजवला आणि अंगणातून नवा काढून वर छप्पर टाकले. हवेसाठी एक नळ जमिनीलगत, दुसरा छताशी, दोन्हींची तोंडे मोटारीपासून लांब. कार्बन मोनॉक्साइड आला की किंचाळणारे यंत्रही लावले. मोटार आता रस्त्यावर कडुनिंबाखाली उभी असते, हा भाग वेगळा.

२०२४ च्या मे महिन्यात एके दुपारी वडील म्हणाले, "कंदील हाय का घरी?" माळ्यावरून काढून दिला. त्यांनी काच पुसून घेतली, वात पेटवायला लावली आणि तो घेऊन मला पुढे पाठवले. मी सांगून पाहिले की, बाबा, त्या दुसऱ्या वायूने कंदील विझत नाही, त्यासाठीच ते यंत्र आहे. त्यांनी मान डोलावली, सगळे ऐकून घेतले. तेव्हापासून उन्हाळ्यात रोज बाराला आधी कंदील खाली जातो. तो पाच मिनिटांनी जळताच वर आला की ते चष्मा खिशात घालतात आणि काठी उचलतात.