कुरुंदवाड परिसरातील प्राथमिक शाळा : कारभार आणि अर्थव्यवस्था

‘गावची शाळा’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रूढ आहे की, त्यातील षष्ठीचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. शाळा गावात असते, गावातील मुले तीत शिकतात आणि झेंडावंदनास गाव तेथे जमते. तेव्हा ती गावची, हे ओघानेच येते. परंतु शिक्षकाची नेमणूक कोण करतो, त्याचे वेतन कोणत्या तिजोरीतून निघते, छप्पर गळू लागल्यास त्याच्या दुरुस्तीचे उत्तरदायित्व कोणावर येते आणि यांपैकी कोणत्या गोष्टीवर गावकऱ्याच्या मताचा परिणाम घडतो, असे प्रश्न विचारू लागताच या षष्ठीचा अर्थ निसटू लागतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, पंचगंगा आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाड या नगराच्या अनुषंगाने केला आहे. अभ्यासाच्या दृष्टीने हे स्थळ सोयीचे आहे. नगरपालिका असलेले हे छोटे नगर चहूबाजूंनी खेड्यांनी वेढलेले असून, नगराची शीव ओलांडली की शाळांच्या कारभाराची कायदेशीर चौकटही बदलते.

१. पूर्वपीठिका

मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणासाठी स्थानिक कर बसविण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सुरू झाली. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा हा लोकल फंड घेतला जाई व त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाई. कर रयतेने द्यावा आणि त्याचा विनियोग मात्र अन्यत्र ठरावा, ही विसंगती त्या काळीच लक्षात आली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी, शेतकऱ्यांच्या श्रमातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, हा आक्षेप स्पष्टपणे नोंदविला. पैसा कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हा वाद म्हणजे या विषयाचा मूळ धागा होय.

पुढील सहा दशकांत कायद्याचा लंबक दोन टोकांमध्ये हेलकावे खात राहिला. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभा दिली. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचे नियंत्रण बव्हंशी स्थानिक संस्थांच्या स्वाधीन केले. १९२९ साली हार्टोग समितीने हे हस्तांतरण मर्यादेबाहेर गेल्याचे मत व्यक्त केले, आणि १९३८ च्या दुरुस्तीने शासनाने आपली देखरेख पुन्हा घट्ट केली. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने या दोहोंचा समन्वय साधण्याचा यत्न केला : जिल्ह्यासाठी जिल्हा शाळा मंडळ असावे, ‘प्राधिकृत’ नगरपालिकांना स्वतःचे शाळा मंडळ असावे, परंतु मंडळाचा प्रशासकीय अधिकारी शासननियुक्त असावा.

कुरुंदवाड या घडामोडींपासून दूर होते, कारण ते ब्रिटिश मुलुखात नव्हते. पटवर्धन घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातींच्या संस्थानांचे ते ठिकाण. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्याच्याही आधी, १९०६ साली, बडोद्यात सयाजीरावांनी सक्तीचा कायदा संस्थानभर लागू केला होता. संस्थानी शाळेचा धनी एकच असे, तो म्हणजे दरबार. पैसाही त्याचा आणि हुकूमही त्याचा. १९४८ च्या मार्चमध्ये दोन्ही पातींचे मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले, आणि एकाच धन्याच्या जागी अनेक धनी आले.

२. अधिकाराची उतरंड

आजच्या व्यवस्थेचा पाया १९६१ च्या महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाने घातला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व जिल्हा शाळा मंडळांचे कार्य त्यांच्याकडे आले. परिषदेची शिक्षण समिती ही निर्वाचित सदस्यांची विषय समिती असून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) हा तिचा सचिव असतो. तालुक्यास गटशिक्षणाधिकारी, त्याच्या हाताखाली विस्तार अधिकारी, काही शाळांच्या समूहास केंद्रप्रमुख आणि शाळेत मुख्याध्यापक, अशी ही उतरंड आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड, तेरवाड, अकिवाट यांसारख्या खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळांचा कारभार याच वाटेने चालतो.

उतरंडीच्या तळाशी २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काच्या कायद्याने एक नवे अंग जोडले. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक शासकीय, स्थानिक संस्थेच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती स्थापणे बंधनकारक झाले. तीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक व किमान निम्म्या महिला असाव्यात, दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान असावे, असा नियम आहे. समितीने शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवावी, शाळा विकास आराखडा तयार करावा व मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवावे, अशी अपेक्षा आहे. मुख्याध्यापक हा समितीचा सचिव असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शाळेतील सर्वांत महत्त्वाचा घटक जो शिक्षक, त्याच्यासंबंधीचा निर्णय या उतरंडीतील कोणत्याही स्थानिक पायरीवर होत नाही. किती शिक्षक असावेत हे पटसंख्येवर आधारलेल्या संचमान्यतेने ठरते. कोणाची निवड व्हावी हे राज्यस्तरीय अभियोग्यता चाचणी व ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीने ठरते. बदलीचे धोरण शासननिर्णयाने ठरते. शिक्षक जिल्हा परिषदेचा सेवक म्हणविला जातो खरा, परंतु परिषदेच्या हाती उरते ती मुख्यतः अंमलबजावणी.

३. शिवेच्या आतील आणि बाहेरील

नगरपालिकेच्या हद्दीतील शाळांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९४७ च्या कायद्याने नगरपालिकांचे दोन वर्ग पाडले. प्राधिकृत नगरपालिका स्वतः प्राथमिक शाळा चालवीत. अप्राधिकृत नगरपालिकेच्या हद्दीतील शाळा मात्र जिल्हा शाळा मंडळ, व पुढे जिल्हा परिषद, चालवी आणि नगरपालिकेने त्यासाठी अंशदान द्यावे अशी योजना होती. प्राधिकृत नगरपालिकांची स्वतंत्र शिक्षण मंडळेही २०१३ च्या कायदेबदलाने मोडीत निघाली व त्यांचे काम नगरपालिकेच्या अंतर्गत समितीकडे वळले.

या द्विभाजनातून एक लोकशाहीविषयक विसंगती निर्माण होते. जिल्हा परिषदेचे मतदारसंघ ग्रामीण क्षेत्रापुरते असतात. नगरपालिका हद्दीतील नागरिकास परिषदेच्या निवडणुकीत मत नसते. तेव्हा ज्या छोट्या नगरातील शाळा परिषद चालविते, तेथील पालकास आपल्या मुलाच्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या निवडीत कोणतेही स्थान नाही. ज्या नगरसेवकास तो मत देतो, त्यास त्या शाळेवर अधिकार नाही. आणि ज्या सदस्यास अधिकार आहे, त्यास मत देण्याचा हक्क त्याला नाही.

संविधानातही हा भेद उमटलेला दिसतो. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या दुरुस्त्यांनी अकरावी व बारावी या अनुसूची जोडल्या. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत मात्र केवळ सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन एवढेच म्हटले आहे. खेड्यास शाळा हा विषय नावानिशी मिळाला. नगरास त्याची छायाच मिळाली. अर्थात दोन्ही अनुसूची सोपविता येण्याजोग्या विषयांच्या याद्या आहेत. प्रत्यक्ष किती सोपवावयाचे हे राज्य विधिमंडळाच्या इच्छेवर अवलंबून आहे.

४. पैशाची वाट

खर्चाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात : वेतन, चालू खर्च आणि बांधकाम.

वेतन हा सर्वांत मोठा भाग. जिल्हा परिषद शाळांतील शिक्षकांचे वेतन राज्यशासनाच्या अनुदानातून होते. परिषदेची तिजोरी ही त्या प्रवाहातील केवळ एक घाट असते. खाजगी संस्थांच्या अनुदानित माध्यमिक शाळांतही वेतनाचा भार शासनच उचलते, व्यवस्थापन मात्र संस्थेकडे असते.

चालू खर्चात समग्र शिक्षा योजनेचे स्थान मोठे आहे. सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान व शिक्षक-शिक्षणाची योजना यांचे एकत्रीकरण करून २०१८ साली ती सुरू झाली. महाराष्ट्रासारख्या राज्यात तिचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात ६० : ४० या प्रमाणात विभागला जातो. तिच्या मानकांनुसार शाळेस पटसंख्येप्रमाणे संयुक्त अनुदान मिळते : तीसपर्यंत पट असल्यास १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, एक हजारपर्यंत ७५,००० आणि त्यापुढे १ लाख रुपये. खडू, वीज, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता हे सर्व याच रकमेत भागवावे लागते. शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष येणारा पैसा तो मुख्यतः हाच. यावरून समितीच्या स्वायत्ततेची व्याप्ती रुपयांतच मोजता येते.

उरला स्थानिक कर. जमीनमहसुलावरील जिल्हा परिषद उपकर हा लोकल फंडाचाच वारस. परंतु रुपयाची किंमत घसरत गेली त्या मानाने शेतसारा वाढला नाही, त्यामुळे या उपकराचे महत्त्व नाममात्र उरले. १९६२ च्या कायद्याने नगरांतील जमिनी व इमारती यांवर शिक्षण कर बसविला, तसेच उसासारख्या नगदी पिकांखालील बागायत जमिनीवर विशेष आकारणीची तरतूद केली. नगरातील घरमालकास हा कर घरपट्टीच्याच मागणीपत्रकात आकारला जातो, आणि आपल्या नगरातील शाळेसाठी आपण काही देतो असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः नगरपालिका येथे केवळ वसुली करणारी असते. ही रक्कम राज्याच्या कोषात जाते व तेथून राज्याच्या अर्थसंकल्पानुसार तिचा विनियोग होतो. करदाता आणि शाळा यांच्यामधील दृश्य दुवा अशा रीतीने तुटलेला आहे.

५. दोन कसोट्या

व्यवस्थेचे खरे स्वरूप अडचणीच्या प्रसंगी प्रकट होते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी आलेल्या महापुरांनी शिरोळ तालुक्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला. पुरानंतर एखाद्या शाळेची भिंत खचली, तर गावास ती परस्पर बांधता येत नाही. समितीचा ठराव, मुख्याध्यापकाचा प्रस्ताव, केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांची शिफारस, अभियंत्याचे अंदाजपत्रक, परिषदेची प्रशासकीय मान्यता, आणि मग जिल्हा नियोजन समिती, समग्र शिक्षा वा आपत्ती निवारण यांपैकी कोणत्यातरी लेखाशीर्षातून तरतूद, असा हा प्रवास आहे. प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे समर्थनीय आहे. एकीमागून एक अशा त्या आल्या की वर्ग भरण्यास विलंब होतो. या काळात लोकवर्गणीतून वा ग्रामपंचायतीच्या निधीतून झालेली मदत ही व्यवस्थेचा भाग नसून तिच्यातील पोकळीची भरपाई असते.

दुसरी कसोटी राजकीय आहे. २०२२ च्या मार्चमध्ये कोल्हापूरसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. त्या काळात शिक्षण समिती अस्तित्वात नव्हती. तिचे अधिकार मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक या नात्याने वापरीत होता. शाळा भरत राहिल्या, वेतन होत राहिले, परीक्षा पार पडल्या. याचा अर्थ निर्वाचित समिती निरुपयोगी होती असा नव्हे. अर्थ इतकाच की, दैनंदिन कारभार ज्या गोष्टींवर चालतो त्या समितीच्या हाती पूर्वीपासूनच नव्हत्या. जे हरपले ते तक्रार मांडण्याचे ठिकाण. शिक्षकाविना राहिलेला वर्ग, पट घटलेल्या शाळेचे भवितव्य, २०२३ साली पुढे आलेला समूह शाळांचा प्रस्ताव, यांवर सभागृहात प्रश्न विचारणारा आवाज त्या काळात उरला नव्हता.

६. तुलना आणि निष्कर्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याच्या अगदी उलट रचना आढळते. तेथे सुमारे तेरा हजार शाळाजिल्हे असून बहुतेकांचे मंडळ मतदार निवडतात. शिक्षकांची नेमणूक हे मंडळ करते आणि एकूण खर्चाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा स्थानिक करांतून, मुख्यतः मालमत्ता करातून, उभा राहतो. करदाता, मतदार आणि पालक ही तिन्ही नाती तेथे एका सीमेत येतात. परंतु या एकरूपतेचे मोलही द्यावे लागते : जेथे मालमत्ता अल्पमोल, तेथील शाळा दरिद्री. १९७३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्यातील खटल्यात ही विषमता संविधानबाह्य ठरविण्यास नकार दिला, आणि हा झगडा पुढे घटकराज्यांच्या न्यायालयांत चालू राहिला.

महाराष्ट्राने नेमका उलट सौदा केला आहे. वेतनाचा भार राज्याने उचलल्यामुळे पूरग्रस्त खेड्यातील शिक्षकास तेच वेतन मिळते जे संपन्न तालुक्यातील शिक्षकास मिळते. फुल्यांनी ज्या अन्यायाकडे बोट दाखविले, त्याच्या निवारणाच्या दिशेने ही मोठी मजल होय, आणि तिचे महत्त्व कमी लेखता कामा नये. तथापि आर्थिक समतेसाठी निर्णयशक्तीही सर्वस्वी वर नेणे अपरिहार्य होते काय, हा प्रश्न उरतोच. वेतन राज्याने द्यावे आणि तरीही दुरुस्तीचा ठरावीक निधी, अल्पकालीन रिक्त जागी पर्यायी शिक्षक नेमण्याचा अधिकार व आराखड्याची बंधनकारकता समितीच्या हाती असावी, यांत तत्त्वतः विरोध नाही. नगरपालिका हद्दीतील पालकाच्या प्रतिनिधित्वाचा दोष तर कायद्याच्या साध्या दुरुस्तीनेही दूर होण्याजोगा आहे.

संस्थानी काळात कुरुंदवाडच्या शाळेचा धनी एक होता व तो प्रजेस उत्तरदायी नव्हता. आज धनी अनेक आहेत. प्रत्येक जण आपापल्या अंशापुरता उत्तरदायी आहे, आणि संपूर्ण शाळेपुरता कोणीच नाही. ‘गावची शाळा’ या शब्दातील षष्ठी सार्थ व्हावयाची असेल, तर हे विखुरलेले उत्तरदायित्व शाळेच्या दाराशी एकत्र आणावे लागेल.