घाटात ट्रकचं इंजिन तापलं? रेडिएटरचं झाकण उघडण्याआधी हे वाचा

कसारा किंवा खंबाटकी घाट चढताना भरलेल्या ट्रकचा टेंपरेचर काटा लाल पट्ट्यात गेला, की अनेकांचा हात थेट रेडिएटरच्या झाकणाकडे जातो. हीच चूक जिवावर बेतू शकते.

झाकण का उघडायचं नाही?
समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. पण झाकणामुळे आत दाब राहतो. सुमारे १ बार जादा दाबाखाली तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब उतरतो, पाणी क्षणात उकळतं आणि वाफेसकट अंगावर येतं.

आधी काय करायचं?
गाडी सुरक्षित जागी घ्या. वाफ येत असेल किंवा कूलंट गळत असेल, तर इंजिन लगेच बंद करा. पूर्ण थंड झाल्यावरच होज, फॅन बेल्ट आणि रेडिएटरची जाळी तपासा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

कूलंट भरलं, तरी पुन्हा तापतंय?
बऱ्याचदा आत एअर अडकलेली असते. हवा असते तिथे कूलंट पोहोचत नाही आणि तो भाग तापतच राहतो.

एअर कशी काढायची?
थंड इंजिनाचा ब्लीड स्क्रू सैल करा. कंपनीने सांगितलेलं कूलंट हळूहळू भरा. बुडबुडे थांबून सलग धार आली, की स्क्रू घट्ट करा. झाकण लावून इंजिन आयडलिंगवर चालवा. थर्मोस्टॅट उघडला, की उरलेली हवा वर येते. इंजिन थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहा, कमी असल्यास भरा.

एवढं करूनही बुडबुडे येतच राहिले, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता असते. मग घाट चढू नका, मेकॅनिक बोलवा.