बोलायला शिकवलं, ऐकायचं राहिलं

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. २०२५ मध्ये त्याला पस्तीस वर्षं झाली आणि त्याच हंगामात माझ्या ओळखीच्या पोरापोरींच्या नोकरीच्या मुलाखतींतून माणूस नाहीसा झालेला मी पाहिला. मोबाइलवर लिंक येते. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला काही सेकंद मिळतात, मग कॅमेऱ्याकडे बघून बोलायचं. उत्तर रेकॉर्ड होतं, गुण यंत्र देतं. अडखळलं तर ‘सावकाश सांग’ म्हणणारं कुणी नसतं. चोपडा तालुक्यातली एक मुलगी अशी मुलाखत देऊन आली आणि मला म्हणाली, “मॅडम, मी बोलले ते कुणी ऐकलं तरी असेल का?” मला उत्तर देता आलं नाही. जळगाव आणि धुळ्याच्या कॉलेजांत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं ‘सॉफ्ट स्किल्स’ नावाचा तास घेतला. त्या तासाचं काय झालं, ते मांडायला हवं.

नव्वदच्या दशकावर फार रेंगाळण्यात अर्थ नाही. नोकरी म्हणजे भुसावळची रेल्वे, वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी, जिल्हा परिषद, वीज मंडळ, एसटी. डी.एड. झालं की घर निश्चिंत. लेखी परीक्षेवर सगळं ठरायचं आणि ‘तोंडी’ला कुणाची ओळख काढायची, एवढीच तयारी. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, कार्यालयं वाढली, जागा भरल्या, मग भरती आटली. बोलावं कसं, वागावं कसं, हे कॉलेजात कुणी शिकवत नव्हतं आणि कुणी मागतही नव्हतं.

पण म्हणून खान्देशाला हे कसब ठाऊक नव्हतं, असं नाही. आज जगभर पसरलेल्या विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात झाली. वाकोदच्या भवरलाल जैन यांनी सरकारी अधिकाऱ्याची वाट सोडून १९६३ मध्ये हातगाडीवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे त्यांचं ठिबक सिंचन आलं, तेव्हा ते कागदावरून विकलं गेलं नाही. पाटाने भरभरून पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला थेंबाथेंबाने केळी पिकते हे पटवायचं, म्हणजे त्याच्या बांधावर बसायचं, त्याच्या शंका शेवटपर्यंत ऐकायच्या आणि नळी तुंबली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायचं. रावेर-यावलच्या केळीच्या भावावरून होणारी घासाघीस, जळगावच्या सराफ बाजारातला शब्दावरचा व्यवहार, धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जिथे भेटतात तिथल्या ट्रान्सपोर्टवाल्यांचं एका फोनवर चालणारं काम, हे सगळं माणसं सांभाळण्याचंच कसब होतं. त्याला अभ्यासक्रम नव्हता, एवढंच.

मग २००४ ते २०१४ हे दशक आलं. माझ्या नोकरीतला सगळ्यात धामधुमीचा आणि आज सगळ्यात जास्त सलणारा काळ तोच. इन्फोसिसने २००४ मध्ये कॉलेजांसाठी ‘कॅम्पस कनेक्ट’ हा उपक्रम सुरू केला. २००५ मध्ये नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांचा अहवाल आला की देशातले जेमतेम २५ टक्के अभियंते आयटीच्या कामाला लायक आहेत. त्यामागे कुठली कॉलेजं, कुठल्या कंपन्या, कसली कसोटी, हे वाचायच्या फंदात कुणी पडलं नाही. आकडा मात्र आमच्या पोरांच्या कपाळावर चिकटला. बांभोरीचं आणि धुळ्याचं अभियांत्रिकी कॉलेज १९८३ पासूनचं, जळगावचं शासकीय कॉलेज १९९६ चं. त्यांच्याभोवती नवी कॉलेजं उभी राहत होती आणि प्रवेशाच्या वेळी पालक एकच विचारायचे, “मॅडम, प्लेसमेंट किती?”

त्या प्रश्नाने सगळी घडी बदलली. पूल कॅम्पस, ॲप्टिट्यूड, जीडी (गटचर्चा), पीआय (व्यक्तिगत मुलाखत) हे शब्द साक्री-पारोळ्याच्या घरांत पोहोचले. आर. एस. अगरवालांचं जाड पुस्तक आणि रॅपिडेक्स उशाशी घेऊन पोरं झोपू लागली. मुलाखतीच्या आदल्या रात्री टाय कसा बांधायचा, हे वसतिगृहात एकजण सगळ्यांना शिकवायचा. “टेल मी अबाउट युवरसेल्फ”चं उत्तर सगळ्यांचं एकच. सगळे ‘हार्डवर्कर’, सगळ्यांचा दोष एकच की ते जास्त काम करतात. वडिलांचं केळीचं खांड वादळात आडवं झाल्यावर पीकविम्यासाठी तालुक्याला खेटे घालून, अधिकाऱ्यापुढे कागद मांडून पैसे मिळवणारा मुलगा ते घडलेलं सांगत नव्हता. ते इंग्रजीत पाठ केलेलं नव्हतं आणि ते सांगण्याजोगं आहे, असं त्याला कुणी म्हटलंही नव्हतं.

म्हणणार कोण? आम्हा शिक्षकांना बाजूला बसवून बाहेरून प्रशिक्षक बोलावले जात. दोन दिवसांची कार्यशाळा, भरमसाठ मानधन, सगळ्या कॉलेजांत त्याच स्लाइड. त्यातल्या एकाने भरल्या सभागृहात सांगितलं की तुमची बोली हा तुमचा मोठा शत्रू आहे, डोक्यातली अहिराणी पुसल्याशिवाय पुण्यात टिकाल कसे? पोरं हसली, टाळ्याही पडल्या. मी उठून विरोध केला तेव्हा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मला पुढच्या कार्यशाळेपासून वगळलं. त्या दिवसानंतर ‘शे’, ‘माले’, ‘तुले’ बोलणारी पोरं कॉरिडॉरमध्ये शिक्षक दिसताच गप्प होऊ लागली. ज्या भाषेत माणूस आईशी भांडतो, समजूत काढतो, हिशेब मिटवतो, ती लपवायला लावली की त्याच्याकडचं सगळं शहाणपणही दडतं. त्या प्रशिक्षकाला आणि त्याला बोलावणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

दुसरा राग फ्लेक्सचा. दरवर्षी जूनमध्ये चौकाचौकांत नोकरी लागलेल्या मुलांचे फोटो झळकत. एका मुलाला दोन ऑफर लेटरं मिळाली तर मोजणीत दोन मुलं. २००८ च्या मंदीत रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या, काही पोरं वर्षभर घरी बसली, पण फ्लेक्सवरचे त्यांचे फोटो कुणी उतरवले नाहीत. त्या वर्षी पोरांना खरं तर दोनच गोष्टी शिकवायला हव्या होत्या. वाईट बातमी घरी कशी सांगायची आणि कंपनीला नेमका प्रश्न विचारणारं चार ओळींचं पत्र कसं लिहायचं. तो तास वेळापत्रकात बसला नाही.

त्या दशकाने दिलं ते मात्र मोठं आहे. जळगावच्या नेरी नाक्यावरून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पहिल्यांदा एकटी पुण्याला निघालेली मुलगी मी पाहिली आहे. तिच्या मागून धाकट्या बहिणी गेल्या, घरात पैसा आला, लग्नाची वयं पुढे सरकली. इंग्रजीने हे दार उघडलं आणि ते मी आयुष्यभर शिकवलं, याचा मला अभिमान आहे.

पण तीच मुलं सुट्टीत भेटायला यायची तेव्हा कामावरच्या अडचणी सांगायची आणि त्यात उच्चारांचा वाटा फार थोडा असायचा. काम वेळेत होणार नाही हे दिसत असूनही साहेबांना “होऊन जाईल सर” म्हणायची सवय. मीटिंगमध्ये न कळलेलं विचारायचा संकोच, कारण मोठ्यांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं घरात आणि शाळेत बिंबवलेलं. कामातली चूक दाखवली की ती आपल्यावरचा ठपका वाटणं. नागपूर-चेन्नईच्या सहकाऱ्याशी मतभेद झाला तर एकदम अबोला. हे दोष खरे आहेत आणि ते आपले आहेत. वेळेवर ‘नाही’ म्हणणं, आडपडदा न ठेवता काम कुठवर आलं ते सांगणं, समोरच्याचं म्हणणं आधी नीट समजून घेणं, यांवर नोकरी टिकते. आमच्या कार्यशाळांनी पोरांना हस्तांदोलन शिकवलं आणि ही तिन्ही कामं सोडून दिली.

२०१४ नंतरची वर्षं भराभर सांगून होतील. अभियांत्रिकीच्या जागा रिकाम्या राहू लागल्या, तुकड्या बंद झाल्या, करोनात तास पडद्यावर गेले. मग नवं शैक्षणिक धोरण आलं, श्रेयांकांची भाषा आली आणि प्रशिक्षकाची जागा ॲपने घेतली. निदान प्रशिक्षक समोर तरी उभा असायचा, त्याच्याशी भांडता यायचं.

या काळातली एकच गोष्ट मला थांबून पाहावीशी वाटते. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं गेलं. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या लेवा बोलीत रचत गेल्या. ते टिकलं, कारण घरातल्यांनी ते ऐकलं आणि मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. ऐकणारं कुणी नसतं तर एवढी मोठी वाणी खान्देशातच विरून गेली असती. ज्या विद्यापीठाला हे नाव आहे, तिथल्या पदवीधराचं बोलणं ऐकायला मुलाखतीत माणूस नसावा, हे मला सहन होत नाही.

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात कंपन्यांना हव्या असलेल्या पहिल्या दहा गुणांत दुसऱ्याची बाजू समजून घेणं आणि लक्षपूर्वक ऐकणं हेही आहे. मग आपल्या कॉलेजांनी ते शिकवावं. पोरांना ग्रामसभेला पाठवा, इतिवृत्त लिहायला लावा आणि गावकऱ्यांना वाचून दाखवायला लावा. ज्याचं म्हणणं नीट उतरलं नसेल तो तिथेच अडवेल. पीकविम्याच्या तक्रारीत शेतकऱ्यासोबत कार्यालयात बसवा, मग त्याचं म्हणणं त्यांना आधी अहिराणी किंवा लेवा बोलीत, मग प्रमाण मराठीत, मग इंग्रजीत मांडू द्या. गुण त्या शेतकऱ्याला विचारून द्या. त्यासाठी पाहुणा प्रशिक्षक किंवा ॲप नको, वर्षभर त्याच मुलांसोबत राहणारा पूर्णवेळ शिक्षक हवा, त्याची जागा मंजूर हवी आणि त्याच्या वर्गात तीसच मुलं हवीत. यंत्रापुढे बोलायची वेळ आपल्या पोरांवर येणारच आहे. त्याआधी निदान तीन वर्षं त्यांचं बोलणं मन लावून ऐकणारा एक माणूस त्यांना मिळावा, ही जबाबदारी विद्यापीठाची आहे आणि ती त्याने याच शैक्षणिक वर्षात उचलावी.