वाचनसुलभतेचे मापन

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील एखाद्या शाळेत मूल धडा वाचताना अडखळले, म्हणजे त्यास 'कच्चे' ठरविण्याकडे सहज कल होतो. परंतु तो उतारा त्याच्या आवाक्यातील होता काय, हे आधी पाहणे न्यायाचे होय.

उताऱ्याची सुलभता मोजण्याचे प्रयत्न इंग्रजीत पुष्कळ झाले. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली मांडलेले सूत्र दोन गोष्टींवर आधारलेले आहे: वाक्यात सरासरी शब्द किती व शब्दात सरासरी उच्चारावयव किती. दोन्ही संख्या जितक्या मोठ्या, तितके गुण कमी व वाचन कठीण. या सूत्रातील आकडे मराठीस जसेच्या तसे लागू पडत नाहीत. कारण मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दास जोडून येतात आणि सोपा शब्दही लांबतो. मोजणीचे तत्त्व मात्र उपयोगी आहे.

'पर्जन्यवृष्टीच्या अभावामुळे भातपिकाची हानी झाली' या वाक्यात ५ शब्द, २० अक्षरे व ४ जोडाक्षरे आहेत. 'पाऊस कमी पडला, म्हणून भात वाळले' यात ६ शब्द, १६ अक्षरे व एकच जोडाक्षर आहे. आशय जवळजवळ तोच. शब्दाची सरासरी लांबी मात्र ४ अक्षरांवरून पावणेतीनाच्याही खाली येते.

तथापि शब्द ओळखीचा आहे की नाही, हे मोजणीने कळत नाही. 'खाचर' हा शब्द तीनच अक्षरांचा. भीमाशंकरकडील भातशेतीच्या खोऱ्यांत मूल तो घरीच शिकते. नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात तो समजावून द्यावा लागण्याचा संभव आहे.

याकरिता विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेली रीत शिक्षकांस सहज अवलंबिता येईल. उताऱ्याचे पहिले वाक्य तसेच ठेवावे. पुढे दर पाचवा शब्द गाळावा व रिकाम्या जागा मुलांकडून भरून घ्याव्यात. मूळ शब्द जितके अधिक जुळतील, तितका उतारा त्या वर्गास सुगम समजावा. एकाच वर्गास सारख्या लांबीचे दोन उतारे देऊन तुलना केल्यास फरक स्पष्ट दिसतो.

कठीण ठरलेला पाठ वगळावा, असा याचा अर्थ नव्हे. अनोळखी शब्द आधी फळ्यावर घ्यावेत, लांब वाक्ये तोडून सांगावीत व मगच वाचन घ्यावे. मुले कोठे अडखळली, याची नोंद पाठाच्या टाचणात ठेविल्यास ती पुढील वर्षी उपयोगी पडेल.