बॉम्ब न शोधणारं बॉम्बशोधक यंत्र

पिस्तुलासारखी प्लास्टिकची मूठ आणि तिच्या टोकाला मोकळी फिरणारी अँटेना. नाव ‘एडीई 651’. बगदादच्या नाक्यानाक्यावर पोलीस हे यंत्र हातात धरून गाड्या तपासत. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटनमधल्या माजी पोलिसाला 2013 मध्ये लंडनच्या न्यायालयाने फसवणुकीबद्दल दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. सुरक्षा दलांच्या खरेदीबद्दलचे आपले बरेच समज या एका प्रकरणापुढे टिकत नाहीत.

गैरसमज : लाचखोरीने वस्तू महाग पडते, एवढंच.
वस्तुस्थिती : इथे वस्तूच खोटी होती. आत ना बॅटरी, ना सर्किट. मूळ नमुना होता हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याचं म्हणून वीसेक डॉलरला विकलं जाणारं एक खेळणं. केंब्रिजच्या संगणकतज्ज्ञांनी यंत्रातलं ‘स्फोटकं ओळखणारं’ कार्ड फोडलं, तर दुकानातल्या मालाला चोरी टाळण्यासाठी लावतात तो साधा टॅग निघाला. इराकने मात्र एकेका यंत्रामागे हजारो डॉलर मोजले.

गैरसमज : वापरणाऱ्या पोलिसाला ते लगेच कळलं असतं.
वस्तुस्थिती : मनगट नकळत जरासं कललं तरी अँटेना वळते आणि यंत्र ‘बोलल्या’सारखं वाटतं. झडतीत काही मिळालं नाही, तर गाडीतल्या अत्तरावर खापर फुटे. त्यातून यंत्र धरणारा शांत, विश्रांती घेतलेला हवा, अशी अट. म्हणजे चूक नेहमी माणसाचीच.

गैरसमज : दोष फक्त विकणाऱ्याचा.
वस्तुस्थिती : बगदादच्या बॉम्बविरोधी पथकाचे प्रमुख जिहाद अल-जबिरी यांनी या यंत्राची जाहीर भलामण केली होती. 2011 मध्ये त्यांना भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढे तुरुंगवासही. अशा व्यवहारात पैसे चारून मुख्यतः एकच गोष्ट साधली जाते : चाचणी टळते.

गैरसमज : चाचणीला मोठी प्रयोगशाळा लागते.
वस्तुस्थिती : याच जातीच्या ‘जीटी 200’ची थायलंडने 2010 मध्ये परीक्षा घेतली. चार डब्यांपैकी एकात स्फोटक लपवायचं आणि ते ओळखायला सांगायचं. वीसपैकी चारदा उत्तर बरोबर आलं. नुसता अंदाज ठोकला असता तरी सरासरी पाचदा आलं असतं.

गैरसमज : बिंग फुटलं की वापर थांबतो.
वस्तुस्थिती : ब्रिटनने जानेवारी 2010 मध्ये इराककडे निर्यात बंद केली, तरी बगदादच्या नाक्यांवर ही यंत्रं पुढे सहा वर्षं फिरत राहिली. जुलै 2016 मध्ये कर्रादा भागातल्या भीषण स्फोटानंतर पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी ती काढून घेण्याचा आदेश दिला.

सुरक्षेच्या कुठल्याही खरेदीत म्हणूनच दराआधी विचारायचा प्रश्न हा : चाचणी कोणी घेतली, आणि स्फोटक कुठे ठेवलंय हे यंत्र धरणाऱ्याला आधीच ठाऊक होतं का?